रात्री अकरानंतरचे प्रश्न

सकाळी दहाच्या सुमारास आलेला मेसेज बहुतेक वेळा वडिलांचा असतो. ‘नोंदणी फी किती? परिचयपुस्तिका घरपोच मिळेल का?’ दुपारची जेवणं आटोपल्यावर आई लिहायला बसते. तिचा मेसेज लांबलचक असतो. त्यात मुलाची नोकरी येते, धाकट्या बहिणीचं आधीच झालेलं लग्न येतं, मंगळ सौम्य आहे हा खुलासा येतो आणि या सगळ्यात प्रश्न विचारायचा राहूनच जातो. संध्याकाळी कामावरून परतणारे मामा थेट मुद्द्यावर येतात, ‘भाचीसाठी नोकरीवाली स्थळं आहेत का?’ आणि रात्रीचे अकरा वाजून गेले, घरातले दिवे मालवले, की ज्याचं किंवा जिचं लग्न ठरायचं आहे ते माणूस स्वतः लिहितं.

हे वेळापत्रक मला काकूंनी शिकवलं. गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर सातारा जिल्ह्यातल्या एका वधू-वर परिचय मेळाव्याच्या संपर्क कक्षात मी चार दिवस बसले होते. कक्ष म्हणजे मंगल कार्यालयाच्या जिन्याखालची खोली. दोन फोन, एक लॅपटॉप, भिंतीला टेकून ठेवलेले फॉर्मांचे गठ्ठे आणि दर तासाला येणारा चहा. काकू निवृत्त शिक्षिका आहेत. मेळाव्याचा फोन वर्षानुवर्षं त्यांच्या घरी वाजत आला. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून इथे त्या फक्त काकू. मेळाव्यालाही त्यांना सगळे काकूच म्हणतात.

त्या वर्षी मेळावा भरवणाऱ्या मंडळाने पहिल्यांदाच व्हॉट्सॲपवर चॅटबॉट बसवला होता. मंडळातल्या एका सभासदाचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा शनिवार-रविवार येऊन ते काम करून गेला होता. मेळाव्याचा प्रचार, चौकशांना उत्तरं, नोंदणी, आठवण करून देणं, सगळं त्या बॉटकडे. लग्नासारख्या नाजूक गोष्टीत यंत्र पहिल्यांदा बोलायला उभं राहतं तेव्हा काय होतं, ते मला बघायचं होतं.

व्हॉट्सॲपने धंद्यांसाठीचं वेगळं ॲप जानेवारी २०१८ मध्ये आणलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोठ्या संस्थांना आपली संगणकप्रणाली थेट जोडण्याची सोय दिली. बॉट चालतात ते या दुसऱ्या सोयीवर. तिचे नियम मेळावे भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाने एकदा नीट वाचावेत असे आहेत. समोरच्याने आधी संमती दिलेली असली पाहिजे. त्याने शेवटचा मेसेज केल्यापासून चोवीस तास तुम्ही त्याच्याशी मोकळेपणाने बोलू शकता. त्यानंतर बोलायचं तर कंपनीने आधी मंजूर केलेला साचेबंद मजकूरच पाठवावा लागतो आणि जुलै २०२५ पासून अशा साचेबंद मजकुराचे पैसे दर मेसेजमागे मोजले जातात. लोकांनी वैतागून तुमचा नंबर ब्लॉक करायला सुरुवात केली, की तुमचा दर्जा घसरतो आणि पाठवण्यावर निर्बंध येऊ शकतात. म्हणजे ‘फक्त पाच दिवस उरले!’, ‘फक्त चार दिवस उरले!’ असा रोजचा मारा करणाऱ्या मंडळाचे पैसेही जातात आणि दारही बंद होतं. चोवीस तासांचा नियम मला मनापासून पटला. ज्याने विचारलं त्याच्याशी बोला. ज्याने विचारलं नाही त्याला सतावू नका.

पहिल्या दिवशी बॉटने केलेलं काम बघून मी त्याच्या बाजूने झाले, हे आधीच सांगते. मेळावा किती वाजता, कऱ्हाडहून एसटी कुठली, फोटो पासपोर्ट आकाराचा की पूर्ण उंचीचा, पालकांपैकी किती जणांनी यायचं, जेवणाचं कूपन कुठे मिळेल. हे प्रश्न दिवसात कितीदा येतात याची मला कल्पना नव्हती. आदल्या वर्षीपर्यंत ही सगळी उत्तरं काकू तोंडी देत. मेळाव्याच्या आठवड्यात त्यांचा घसा बसायचा. मेळाव्याच्या दिवशी आवाजच नसायचा. आता ते ओझं उतरलं होतं आणि लोकांनाही पहाटे पाच वाजता विचारलं तरी उत्तर मिळत होतं. माण-खटावकडून येणाऱ्या माणसाला पहिली गाडी कुठली पकडायची हे पहाटे पाचलाच कळायला हवं असतं.

अडचण सुरू झाली ती भाषेपासून. मेळाव्याच्या जगात ‘स्थळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पत्रिकेवर ‘स्थळ’ म्हणजे कार्यालयाचा पत्ता आणि घराघरात ‘स्थळ’ म्हणजे मुलगा किंवा मुलगी. एका वडिलांनी लिहिलं, ‘मागच्या वेळचं वाईचं स्थळ अजून आहे का?’ त्यांना उत्तर गेलं कार्यालयाच्या नकाशाचं. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा नकाशा. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या नोंदीवर काकूंची नजर संध्याकाळी गेली आणि फोन केल्यावर कळलं, की वर्षभर ते त्या एका होकाराची वाट बघत होते.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की आपल्याकडे चौकशी करणारा आणि लग्न करणारा ही बहुधा दोन वेगळी माणसं असतात. चॅटबॉटची बनावट त्याच्या उलट गृहीतावर उभी असते. जो टाइप करतोय तोच ग्राहक. बॉटने विचारलं, ‘तुमचं वय?’ एका बाईंनी लिहिलं, ५८. पुढचा प्रश्न आला, ‘वैवाहिक स्थिती?’ त्यांनी खरं ते लिहिलं, विधवा. बॉटने त्यांना पुनर्विवाहाच्या गटात टाकून ज्येष्ठ वरांची माहिती हवी आहे का असं विचारलं. त्या मुलासाठी नोंदणी करत होत्या. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलाचं लग्न हे एकच काम त्यांनी डोळ्यांसमोर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा त्या रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या गप्प होत्या. काकू त्यांच्याशी वीस मिनिटं बोलल्या. उतारवयात पुन्हा जोडीदार शोधण्यात कमीपणा काहीच नाही. पण त्या बाईंनी ते विचारलं नव्हतं.

त्या रात्री बॉटचा पहिला प्रश्न बदलला. आता तो आधी विचारतो, ‘कोणासाठी चौकशी करताय?’ आणि पुढे यादी येते. स्वतःसाठी, मुलासाठी, मुलीसाठी, भाऊ किंवा बहिणीसाठी, भाचा-भाचीसाठी, पुतण्या-पुतणीसाठी. त्याशिवाय मराठीत पुढे जाताच येत नाही. ‘गेल्या वर्षी आला होतात का’ विचारायचं की ‘आल्या होतात का’, हे ठरवायला समोर कोण आहे ते कळावं लागतं. परभाषेत तयार झालेले साचे मराठीत ओतले, की प्रत्येक आई पुल्लिंगी होते.

आणखी एक मर्यादा तांत्रिक आहे आणि तिचा परिणाम मात्र माणसांवर होतो. व्हॉट्सॲपच्या एका मेसेजखाली उत्तराची जास्तीत जास्त तीन बटणं देता येतात आणि यादी केली तर दहा ओळी. कागदी फॉर्मवर ‘व्यवसाय’ लिहायला एक रिकामी रेघ असायची. माणूस तिथे आपल्याला हवं ते लिहायचा. ‘दोन एकर बागायत, दूध संकलन केंद्रावर नोकरी, स्वतःचा टेम्पो.’ बॉटवर तीन बटणं होती. नोकरी, व्यवसाय, शेती. अशा एका मुलाने शेती दाबलं. मुलीकडच्यांपैकी बहुतेकांनी आपल्या अपेक्षांत नोकरी दाबलेलं होतं. दोघांची एकमेकांशी गाठच पडली नाही. कागदावर निदान कुणीतरी ती ओळ वाचली असती आणि म्हटलं असतं, ‘अगं, याच्याकडे महिन्याचा पगारपण आहे की.’ जात, पोटजात, उत्पन्न, उंची यांचंही तेच. बोलण्यात ज्या अटी सैल होऊ शकतात, त्या बटणात घट्ट होतात. ‘पोटजात चालेल का’ या प्रश्नावर समोरासमोर बसलेला बाप थोडा थांबतो. त्या थांबण्यात कधीकधी होकार असतो. बटणाला थांबता येत नाही. मंडळांनी बॉटला काही करून एक रिकामी रेघ ठेवावी आणि ती माणसाने वाचावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, ‘मुलींची नोंदणी किती झाली?’ बॉट म्हणाला, ‘भरपूर स्थळं उपलब्ध आहेत. आजच नोंदणी करा.’ हे वाक्य त्याने स्वतः जुळवलं नव्हतं. त्याला शिकवताना मागच्या वर्षीचं जाहिरातपत्रक दिलं होतं, त्यातलंच ते. काकूंनी वाचलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. मुलांच्या फॉर्मांचे गठ्ठे कमरेपर्यंत आले होते. मुलींचे फॉर्म एका पेपरवेटखाली मावत होते.

हा फरक त्या एका खोलीतला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला तेव्हा देशभर त्याची छायाचित्रं छापून आली. त्यांच्या मागण्यांमध्ये गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी ही मागणी होती, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. त्या तरुणांना कारण नेमकं माहीत होतं. प्रसूतिपूर्व लिंगनिदानाला आळा घालणारा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, त्या २००१ ला ९१३ झाल्या आणि २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा ८०७ होता. २००१ च्या जनगणनेत जी मुलं शून्य ते सहा वयाची होती, ती आज पंचविशीत-तिशीत आहेत. मेळाव्याच्या फॉर्मवर जन्मतारखेच्या रकान्यात हीच वर्षं येतात. त्यात शेतकरी मुलाला मुलगी देण्याची नाखुशी मिसळली, की भिंतीजवळचा गठ्ठा कमरेपर्यंत येतो.

अशा वेळी ‘भरपूर’ म्हणणं ही साधी अतिशयोक्ती राहत नाही. तो बाप त्या शब्दावर विसंबून दिवसाची मजुरी सोडून, गाडीभाडं घालून येणार असतो. स्त्रियांची संख्या फुगवून पुरुषांकडून पैसे काढायचे, हा उद्योग जगात याआधी झालेला आहे. ॲशली मॅडिसन या परदेशी डेटिंग संकेतस्थळाची माहिती २०१५ मध्ये फुटली, तेव्हा पुरुषांशी गप्पा मारणाऱ्या कितीतरी ‘स्त्रिया’ प्रत्यक्षात संगणकाचे प्रोग्राम होत्या हे उघड झालं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी त्या कंपनीला तडजोड करावी लागली. आपली मंडळं त्या वाटेने चाललेली नाहीत. ती बहुधा पदरमोड करून चालतात. पण बॉटला प्रचाराची जबाबदारी दिली आणि खरी आकडेवारी दिली नाही, की तो प्रचारच करणार.

आणि बॉट बोलला ते मंडळ बोललं, हेही आता स्पष्ट झालेलं आहे. कॅनडात एका माणसाची आजी वारली. अंत्यविधीला जाताना त्याने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटला सवलतीबद्दल विचारलं. तिकीट आधी काढा, सवलत नंतर मागता येईल, असं बॉटने सांगितलं. कंपनीचा नियम तसा नव्हता आणि तिने पैसे नाकारले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या लवादाने निकाल दिला, की बॉटच्या बोलण्याला कंपनीच जबाबदार आहे. बॉट ही स्वतंत्र व्यक्ती असल्यासारखा कंपनीने केलेला बचाव लवादाने मानला नाही. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांशी बोलताना मी हे सांगितलं, तेव्हा अध्यक्षांनी लगेच विचारलं, ‘मग खरा आकडा टाकायचा का?’ काही जण नको म्हणाले. मुलांचे पालक येणारच नाहीत, अशी त्यांना भीती होती. काकू एवढंच म्हणाल्या, ‘फसून आलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही. आणि गावात जाऊन सांगतो ते वेगळं.’ त्या संध्याकाळपासून बॉट मुलांची आणि मुलींची नोंदणी दोन वेगळ्या आकड्यांत सांगू लागला. पालक आले. फोन करून, सगळं विचारून आले.

लग्न जुळवायला माणसं एका खोलीत आणण्याची कल्पना फक्त आपली नाही. अमेरिकेतल्या हॉटेलांत चालणारं ‘स्पीड डेटिंग’ आज मौजेचा प्रकार वाटतो. त्याची सुरुवात १९९८ मध्ये लॉस एंजेलिसच्या याकोव्ह डेयो या ज्यू धर्मगुरूंनी केली. आपल्या समाजातल्या तरुणतरुणींनी एकमेकांना भेटावं आणि समाजातच लग्न करावं, हा हेतू. म्हणजे तोही ज्ञातीचा परिचय मेळावाच होता. टोकियो महानगर सरकारने तर सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतःचं विवाहजुळणी ॲप सुरू केलं. त्यात नाव घालायला अविवाहित असल्याचा अधिकृत दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, मुलाखतही द्यावी लागते. सगळं जुळवून देणाऱ्या यंत्राच्या दाराशी त्यांनी आधी माणूस बसवला आहे. खोटं स्थळ दाखवून, लग्न लावून, दागिन्यांसह पसार होणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या मुलाखतीचं मोल वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या रात्री मी लॅपटॉपसमोर एकटी होते. काकू घरी गेल्या होत्या. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी एक मेसेज आला. ‘घटस्फोट झालाय हे मंचावर सांगावंच लागतं का?’ बॉटने पुनर्विवाह गटाची फी सांगितली. मग बराच वेळ काही नाही. मग एक ‘ओके’. थोड्या वेळाने दुसऱ्या नंबरवरून, ‘घरच्यांना न सांगता आले तर चालेल का?’ बॉटने पालकांपैकी दोघांना प्रवेश मोफत असल्याचं कळवलं. आणि बारानंतर तिसरा, ‘मला पायाचा त्रास आहे. मंचाला पायऱ्या किती आहेत?’ त्याला उत्तर गेलं, मंच दुसऱ्या मजल्यावरच्या मुख्य सभागृहात आहे.

तिन्ही उत्तरं खरी होती. ती वाचताना मला बसल्या जागी लाज वाटली.

यंत्राशी माणूस मोकळं होतं, हे संगणकाच्या जगात फार लवकर कळलं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा बोलणारा प्रोग्राम केला. समोरच्याचंच वाक्य थोडं फिरवून प्रश्न म्हणून परत करायचं, एवढंच त्याला येत होतं. तरी त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी थोडं बोलल्यावर वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. याचा त्यांना धक्का बसला आणि पुढे ते अशा यंत्रांचे कडक टीकाकार झाले. रात्री अकरानंतर लिहिणारी माणसं तशीच मोकळी होतात. काकूंना फोनवर जे विचारायला जीभ उचलत नाही, ते बॉटला विचारता येतं. हा बॉटचा मोठाच उपकार आहे. प्रश्न बाहेर पडला. तो झेलायला पलीकडे कुणी नव्हतं.

सकाळी मी ते तिन्ही मेसेज काकूंना दाखवले. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि कार्यकर्त्यांना बोलावलं. दुपारपर्यंत पाळ्या ठरल्या. रात्री नऊ ते साडेबारा तीन कार्यकर्त्या ताईंपैकी एक जण चॅटवर जागी राहील. बॉटने आधीच सांगायचं, की मी यंत्र आहे. आणि घटस्फोट, आजार, अपंगत्व, घरचा विरोध, ‘एकटी’, ‘भीती’, ‘न सांगता’ असं काही आलं, की स्वतः उत्तर न देता लिहायचं, ‘हे ताईंना विचारते, त्या आत्ता जाग्या आहेत.’ पुण्याच्या मुलाने ते फोनवरून तासाभरात बसवून दिलं. त्याला हे तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणखी एक गोष्ट ठरली. रात्रीच्या या गप्पा मेळावा संपल्यावर पुसून टाकायच्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पुसायला सांगण्याच्या हक्काची तरतूद आहेच. काकूंना कायद्याचं कलम माहीत नव्हतं. ‘पोरीने मध्यरात्री सांगितलेलं आपण वर्षभर कपाटात कशाला ठेवायचं?’ एवढा त्यांचा विचार होता.

आदल्या रात्रीच्या तिघांनाही सकाळीच मेसेज गेले होते, चोवीस तासांच्या आत. घटस्फोटाबद्दल विचारणाऱ्याला कळवलं, की मंचावर फक्त नाव, शिक्षण आणि काम सांगायचं. बाकी पुढे दोन घरांत बोलायचं, पण लपवायचं नाही. घरच्यांना न सांगता येऊ पाहणारीला काकूंनी स्वतः लिहिलं. त्यात काय लिहिलं ते मी वाचलं नाही. त्या रात्री पाळीवर असलेल्या ताईंना तिचं उत्तर आलं, ‘तुम्ही खरंच आहात ना?’ ताईंनी आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी सभागृहात पोचले, तर मंच रिकामा होता. फुलांची आरास वरच होती, पण माइक खाली, पहिल्या रांगेसमोर सपाट फरशीवर आणून ठेवला होता. सूत्रसंचालकांनी जाहीर केलं, की यंदा सगळ्यांनी परिचय इथूनच द्यायचा आहे. कारण कुणी विचारलं नाही. मुलं-मुली एकामागून एक येत गेली, आपापलं नाव सांगत गेली. काही चालत आली, एक जण मित्राच्या खांद्याला धरून आला, एक मुलगी काठी टेकत आली. इतक्या लोकांत कुणाचंच तिकडे विशेष लक्ष गेलं नाही. लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंत चालू ठेवायला कार्यालयाच्या मालकांना सांगितलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर काकू फॉर्म बांधत बसल्या होत्या. पायऱ्या किती आहेत हे विचारणारं माणूस आज आलं होतं का, असं मी त्यांना विचारलं.

काकूंनी सुतळीची गाठ मारली. ‘ते मी तुम्हाला कसं सांगू?’ म्हणाल्या आणि पुढचा गठ्ठा ओढून घेतला.